मी उपोषणाला बसले नव्हते, मला पाळी आली होती

आधी खुलासा

महाळुंगे-चाकण पट्ट्यात माझ्याबद्दल एक गोष्ट अजून सांगितली जाते. कामगार संघटनेच्या शीतलने बायकांच्या संडासासाठी तीन दिवस अन्नत्याग केला आणि कंपनीला नमवलं, अशी. रस्त्यात थांबवून मला नमस्कार करणारी माणसं आहेत. एका बाईंनी तर भाजी मंडईत आपल्या मुलीला माझ्या पाया पडायला लावलं. मुलीच्या हातात मेथीची जुडी होती, ती माझ्या चपलेवर पडली.

तर खुलासा असा, की ज्या दिवशी मी गेटवर कोसळले त्या दिवशी सकाळी मी दोन वडापाव खाऊन आले होते. तिसरा अर्धा खाऊन कंपनीत लाइनवर असणाऱ्या कांताताईंना दिला होता. भुकेचा आणि माझ्या भोवळीचा काहीही संबंध नव्हता. मला पाळी आली होती आणि ती जायचं नाव घेत नव्हती, एवढंच.

हे मी लिहितेय ते ज्यांची पाळी लांबलीय आणि ज्या कुणाला सांगत नाहीत त्यांच्यासाठी. डॉक्टरकी मला येत नाही. मला पत्रक लिहिता येतं. तेव्हा थोडी आरडाओरड होईल, सवय करून घ्या.

पर्मनंट

आम्ही मूळचे मराठवाड्यातले. पप्पा गाड्यांचे पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये, आई एकट्या राहणाऱ्या कंपनीतल्या पोरांचे डबे करते. मी सव्वीस वर्षांची. आधी गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत ठेक्यावर होते, लाइनवर फार बोलते म्हणून काढलं. मग ठरवलं, बोलल्याबद्दल काढतातच तर पूर्णवेळ बोलावं. तेव्हापासून संघटनेत आहे. पत्रकं लिहायची, गेटवर वाटायची, टेम्पोवर उभं राहून माइक हातात घ्यायचा.

पाळी चार दिवसांची असते हा नियम माझ्या पाळीने कधीच मानला नव्हता, पण सहा-सात दिवसांत ती आपली आपण जायची. त्या वेळी गेली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, ओव्हरटाइम चाललाय. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की ही पर्मनंट झाली. आमच्या पट्ट्यात ठेक्यावरचं माणूस दहा-दहा वर्षं पर्मनंट होत नाही. माझी पाळी तीन आठवड्यांत झाली, तीही विनाअर्ज.

आईने ‘पाळी’ हा शब्द आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. तिचा शब्द ‘अडचण’. उपाय मात्र तिच्याकडे भरपूर होते. धन्याचं पाणी, गुलकंद, सब्जा, तांदळाचं धुवण.

“उष्णता झालीय तुला. उन्हात बोंबलत फिरतेस.”

“आई, मोर्चे काय सावलीत काढायचे?”

“मग काढूच नका.”

पप्पांना सगळं माहीत होतं आणि काहीच माहीत नव्हतं. घरातले पॅड संपले, की ते गुपचूप चप्पल घालायचे. आमच्या गल्लीतला मेडिकलवाला ओळखीचा, चाकणच्या चौकातला गाववाला, म्हणून पॅड आणायला ते बसने थेट आळंदीला जायचे. आल्यावर काळी पिशवी माझ्या कॉटवर ठेवायचे आणि त्याच्या शेजारी प्रसादाची पुडी. माझ्या पाळीमुळे त्या महिन्यात पप्पांची जेवढी माउलींची दर्शनं झाली तेवढी मागच्या पाच वर्षांत झाली नव्हती.

मला जिना चढवेना. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मध्ये एकदा बसून घ्यायचे आणि मोबाइल बघण्याचं नाटक करायचे. आणि कच्चे तांदूळ खावेसे वाटायला लागले. येताजाता मूठभर. आईला वाटलं घरात उंदीर झालेत. तिने डब्यांच्या तांदळाशेजारी उंदराचा चाप लावला आणि त्यात माझं बोट सापडलं.

“तू?” आई म्हणाली.

“मी,” मी म्हटलं.

तिथे आम्ही दोघींनी ठरवलं, की आता डॉक्टर.

जेवणाआधी की नंतर

पहिले डॉक्टर गल्लीतले. सर्दीपासून भाजण्यापर्यंत सगळं बघतात, स्वभावाने चांगले. पण आई आत शिरताच कुजबुजली, “हिला जरा अडचण आहे.” डॉक्टरांना लगेच कळलं आणि कळल्याबरोबर त्यांनी माझ्याकडे बघणं बंद केलं. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारले. किती दिवस, पोटात दुखतं का, चिडचिड होते का.

“चिडचिड तर हिची जन्मापासून आहे,” आईने कॅलेंडरला सांगितलं.

त्यांनी ताकदीचं इंजेक्शन दिलं, पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि निघताना म्हणाले, “या वयात होतं असं. लग्न झालं की बरं वाटेल.”

मी विचारलं, “डॉक्टर, लग्न दिवसातून किती वेळा घ्यायचं? जेवणाआधी की नंतर?”

आईने मला दंडाला धरून बाहेर काढलं. पण बायांनो, सांगून ठेवते, रक्त जातंय आणि औषध म्हणून लग्न सांगितलं जातंय, तर दवाखाना बदला. नवरा हे औषध नाही. आणि असलं तरी ते बाजारात भेसळीचंच जास्त मिळतं.

कितवा महिना?

दुसरा दवाखाना बायकांचा, खास. चाकणमधला. पायऱ्या चढून आत गेलो तर सगळा हॉल पोटुशा बायकांनी भरलेला. काउंटरवर एक मुलगी बसली होती, नखांना छान रंग लावलेली.

“पेशंटच्या मिस्टरांचं नाव?”

“मिस्टर नाहीत,” मी म्हटलं.

तिचा आवाज खाली आला. “वारले?”

“नाही. अजून आलेच नाहीत.”

“मग कितवा महिना?”

हॉलमधल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. त्यात आमच्या गल्लीतली एक काकूही होती. सुनेला घेऊन आलेली, हातात केळी. ती केळी सोलायची थांबली. आईने पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि मोठ्याने म्हणाली, “चुकून आलो हो. आम्हाला दातांचा दवाखाना पाहिजे होता.” आणि नंबर लागायच्या आधीच मला खाली घेऊन आली.

मी रस्त्यावरच भांडण काढलं. म्हटलं, तुला माझ्यापेक्षा त्या काकूची पडलीय. तुला त्या माणच्या स्थळाची पडलीय. (माणला आयटी पार्कात एसी दुरुस्तीचं काम करणारा एक मुलगा आईने तेव्हा हेरून ठेवला होता.) आईने मला ओढत रस्त्याच्या कडेला नेलं. मग उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभी राहून म्हणाली, “तुझ्या थोरल्या मावशीलाही असंच झालं होतं.”

मावशीला मूल नाही एवढं मला माहीत होतं. का नाही, ते कुणी सांगितलं नव्हतं.

“अंगावरून जायला लागलं म्हणून तालुक्याला नेली. डॉक्टर म्हणाला, पिशवी सडली, आज नाही काढली तर कॅन्सर होईल. तपासलंसुद्धा नाही गं नीट. काढून टाकली. तेव्हा ती तुझ्यापेक्षा लहान होती.” आईने पदराने नाक पुसलं. “तुझीही काढतील, शीतल.”

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला घोषणा असते. त्या गोष्टीला नव्हती. गर्भपिशवी म्हणजे काय, तिचं मला काय करायचंय, मूल पाहिजे की नको, मी कधी विचार केला नव्हता. पण कुणीतरी न विचारता ती काढून नेणार, हे ऐकून पोटावर हात गेला. आम्ही दोघींनी दोन ग्लास रस घेतला आणि ठरवलं, अजून आठवडाभर बघू. भीतीने ठरवलेल्या गोष्टी किती शहाण्या वाटतात त्या वेळी!

परिणामांस सर्वस्वी व्यवस्थापन जबाबदार राहील

त्याच आठवड्यात गेट मीटिंग होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिथे बायकांच्या लाइनवर टोकनची पद्धत होती. एका लाइनीला एक टोकन. टोकन जिच्या हातात तीच संडासला जाणार. ती परत येईपर्यंत बाकीच्यांनी दम धरायचा. आणि संडास शेडच्या बाहेर, पार गेटजवळ. म्हणून बायका शिफ्टमध्ये पाणीच प्यायच्या नाहीत. आमची मागणी साधी होती, शेडमध्ये संडास बांधा आणि टोकन बंद करा.

पत्रक मीच लिहिलं होतं. आता आतली गोष्ट सांगते. आमच्या प्रत्येक पत्रकाची शेवटची ओळ ठरलेली असते. “मागण्या मान्य न झाल्यास बेमुदत उपोषण करण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी व्यवस्थापन जबाबदार राहील.” पाण्याच्या टाकीचं पत्रक असो, बस थांब्याचं असो, ही ओळ टाकायचीच. तिच्याशिवाय पत्रक उघडंबोडकं दिसतं. आजवर एकदाही कुणी उपोषणाला बसलेलं नाही. आमचे अध्यक्ष दत्ताभाऊ यांना शुगर आहे, ते दर दोन तासांनी बिस्किट खातात.

शिफ्ट सुटली. मी टेम्पोवर चढले. ऊन पांढरंफटक पडलं होतं. मी म्हटलं, “या कंपनीत पाणी प्यायचं तर परवानगी...” आणि पुढचं वाक्य मला अजून आठवत नाही. माइक आधी पडला म्हणतात, मग मी.

डोळे उघडले तेव्हा माझं डोकं कांताताईंच्या मांडीवर होतं. कांताताई महाळुंग्याच्याच, मोठ्या घरच्या. जमीन गेली, आता त्याच जमिनीवरच्या शेडमध्ये लाइनवर उभ्या राहतात. त्या पदराने वारा घालत होत्या. आणि आजूबाजूला घोषणा चालल्या होत्या, “शीतलताई, आगे बढो!” मी टेम्पोत आडवी पडलेली. आगे कुठे बढणार?

झालं असं, की कुणीतरी पत्रकाची शेवटची ओळ वाचली आणि ओरडलं, “ताईने उपोषण चालू केलंय!” दुसऱ्या शिफ्टच्या बायका आत जायच्या थांबल्या. दत्ताभाऊंनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

“शीतल, उठू नको. राव, काय टायमिंग साधलंस!”

“भाऊ, मला...”

“बोलू नको. उपोषणाला बसलेलं माणूस बोलत नाही.”

तोपर्यंत कुणीतरी झेंडूचा हार आणून माझ्या गळ्यात घातला होता. झोपलेल्या माणसाला हार घातला की कसं दिसतं ते तुम्हाला माहीत आहे. लांबून बघणाऱ्या दोन बायका रडायलाच लागल्या.

उपोषण बरं

कंपनीनेच घाबरून ॲम्ब्युलन्स दिली. हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, “किती दिवस जेवण नाही?”

“तीन,” दत्ताभाऊंनी ठोकून दिलं.

मला सलाइन लावलं. रक्त तपासायला नेलं. तेवढ्यात आई आली, हातात डबा. दत्ताभाऊंनी तिला दारात अडवलं. “वहिनी, डबा आत नको. उपोषण आहे.”

“माझ्या पोरीला उपाशी ठेवणारा तू कोण रे?” आई कडाडली. मग तिला बाहेरच्या घोषणा ऐकू आल्या आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. ती माझ्याजवळ आली, डबा पिशवीत परत घातला आणि माझा हात दाबून पुटपुटली, “उपोषणच राहू दे.”

“काय?”

“बरं आहे की. चारचौघांत सांगता तरी येतं.”

डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. त्यांच्या कपाळावर आठ्या. “हे तीन दिवसांच्या उपासाने होत नाही. अंगात रक्तच नाही हिच्या. कुठेतरी रक्त जातंय. पाळीचा काही त्रास?”

“छे! एकदम वेळेवर,” आई म्हणाली.

मी आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मावशी होती. आणि दाराच्या काचेतून बघितलं तर कांताताई आणि लाइनवरच्या बायका खाली बसल्या होत्या, आणि एकीने हळूच सांगितलं होतं, की एचआरचे साहेब संडासाची मागणी मान्य केल्याचं पत्र घेऊन निघालेत. मी गप्प बसले. हजार बायकांना “बोला” म्हणून सांगणारी मी, माझ्या अंगातून रक्त चाललं होतं आणि मी गप्प.

“पोटाची सोनोग्राफी करू,” डॉक्टर म्हणाले. “मशीनवाले डॉक्टर येताहेत. तोवर भरपूर पाणी प्या आणि काही झालं तरी लघवीला जाऊ नका.”

मोसंबीचा रस

मी दोन बाटल्या पाणी प्यायले. दत्ताभाऊ खूश. “पाणी चालतं उपोषणाला,” म्हणून त्यांनी तिसरीही आणली. मशीनवाले डॉक्टर काही येईनात. माझं पोट नगाऱ्यासारखं झालं. पाय एकमेकांवर घट्ट ठेवून मी छतावरचा पंखा बघत होते.

आणि एचआरचे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, एका हातात पत्र, दुसऱ्या हातात मोसंबीचा रस. उपोषण सोडवायची रीत आहे तशी, रसाचा घोट, फोटो, मग टाळ्या. आठ-दहा बायका आत आल्या. साहेबांनी पत्रावर सगळ्यांसमोर सही केली, कांताताईंनी ते घेतलं आणि घडी करून पोलक्यात ठेवलं. आता फक्त मी घोट घ्यायचा. पण साहेबांना बोलायचं होतं.

“आपली कंपनी म्हणजे एक परिवार आहे,” त्यांनी सुरुवात केली.

माझ्या कपाळावर घाम आला.

“परिवारात मतभेद होतात. पण महिला ही आमच्यासाठी...”

“साहेब, आटपा,” मी म्हटलं.

“बोलू द्या ताई. महिला ही शक्ती आहे. मी नेहमी म्हणतो, संयम कुणाकडून शिकावा तर...”

संयम! तो शब्द ऐकला आणि माझ्या आत काहीतरी सुटलं. सुदैवाने जे सुटायला नको होतं ते नाही, जीभ सुटली.

“साहेब, मला लघवीला लागलीय! आणि मी उपोषणाला बसलेले नाही, मला पाळी आलीय! महिना होत आला, थांबत नाही! डॉक्टर कुठायत, त्यांना बोलवा!”

बाहेरच्या घोषणा थांबल्या. एक आया बादली घेऊन चालली होती, ती बादली धरूनच उभी राहिली. दत्ताभाऊंनी कपाळाला हात लावला. आईने डोळे मिटून घेतले.

साहेबांचा चेहरा मोसंबीच्या रंगाचा झाला. “म्हणजे... उपोषण नव्हतंच?”

“नव्हतं. सकाळी वडापाव खाल्लाय.”

“दोन,” कांताताई म्हणाल्या. “अडीच म्हना. अर्धा मला दिला.” मग त्या उठून साहेबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. “साहेब, ही पोरगी घटकाभर दाबून धरून बसली तर कशी घामाघूम झालीया, बघितलं न्हवं? आमी सगळी शिफ्ट धरून बसतो. रोज. पाळीत बी.”

“पण आता त्या पत्राचं...”

“व्हय, हाय की पत्र.” कांताताईंनी पोलक्यावर हात ठेवला. “काढून घेताय का?”

ते पत्र तिथून परत मागायची छाती कुठल्या एचआरची आहे? साहेबांनी एकदा कांताताईंकडे, एकदा दाराकडे पाहिलं. मग काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी हातातला मोसंबीचा रस स्वतःच पिऊन टाकला. दत्ताभाऊंच्या मोबाइलमध्ये फोटो आहे. उपोषण कोणाचं सुटलं ते त्यावरून कळत नाही.

गाठ

त्यानंतर सगळं झपाझप झालं, कारण डॉक्टरांना आता काय शोधायचं ते माहीत होतं. बायकांच्या डॉक्टर मॅडम आल्या. सोनोग्राफी झाली. (आणि त्यानंतर मी संडासात गेले. आयुष्यातले सगळे सत्कार एकीकडे आणि ते एक मिनिट एकीकडे.)

मॅडम म्हणाल्या, “पिशवीच्या आत गाठ आहे.”

गाठ. हा शब्द ऐकला की पुढचं काही ऐकू येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. मॅडम बोलत होत्या, त्यांचे ओठ हलत होते आणि मी विचार करत होते, की माझी पत्रकांची पेटी कुणाला द्यायची. शुद्धीवर आणलं ते आईने. ती खुर्चीवरून उठली होती आणि माझ्या पोटावर दोन्ही हात पसरून उभी होती, चुलीवरचं दूध मांजरापासून वाचवावं तशी.

“पिशवी काढायची नाही,” ती म्हणाली. “मी सही करणार नाही.”

मॅडमनी चष्मा काढला. “कोण काढतंय मावशी? एवढ्याशा गाठीसाठी पिशवी काढतात का? बहुतेक साधीच आहे. आधी रक्त चढवू, गोळ्यांनी जाणं थांबवू, मग दुर्बिणीतून तेवढी गाठ काढू आणि तपासायला पाठवू. पिशवी आहे तिथे राहील.”

“खरं?”

“खरं. आणि सही तुमची नाही, तिची लागते. सव्वीस वर्षांची घोडी आहे.”

आई खाली बसली. माझ्या चादरीची सुरकुती काढत म्हणाली, “मग माझ्या ताईची का काढली त्यांनी?”

मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते मी वेगळ्या पत्रकात लिहिलंय, शिव्या गाळून अर्धं पान उरलं.

वॉर्ड

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. झोप लागली की ताप बघायला उठवतात. जाग आली की कुणी येत नाही. बाथरूमला सलाइनचा दांडा घेऊन जायचं, तो दांडा उंबऱ्यात अडकतो, मग एका हाताने नाडी आणि एका हाताने दांडा. भेटायला येणारा प्रत्येक जण डाळिंब आणतो आणि बीट खायला सांगतो. माझ्या कॉटखाली इतकी डाळिंबं जमली, की शेजारच्या पेशंटने भाव विचारला.

रक्तपेढीने बदली रक्त देणारी माणसं मागितली. आमच्या पट्ट्यात त्याला तोटा नाही. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला शिबिरं होतात, रक्त द्या आणि हेल्मेट न्या. संध्याकाळी हॉस्पिटलच्या दारात एकसारख्या हेल्मेटची रांग लागली. त्यात टोकन सांभाळणारे सुपरवायझरही होते. रक्त देऊन आल्यावर कॉटजवळ अवघडून उभे राहिले.

“ताई, चालेल ना माझं?”

“चालेल भाऊ. पण मी उद्यापासून टार्गेट मागायला लागले तर तुमची जबाबदारी.”

ते हसले आणि दोन मिनिटांनी डोळे पुसत गेले. पप्पा रोज यायचे आणि कोपऱ्यात बसून राहायचे. एकदा आले ते हातात पॅडचं पाकीट तसंच, उघडं, पिशवीशिवाय. सगळ्या वॉर्डातून चालत आले. मी विचारलं, “आळंदीहून?”

“नाही गं,” ते म्हणाले. “खालूनच घेतलं. कशाला उगाच देवाला त्रास.”

गाठ निघाली. तपासून आली, साधी होती. पिशवी जागच्या जागी आहे. पाळी आता येते आणि वेळेवर जाते, हंगामी कामगारासारखी. जिना मी एका दमात चढते. शेडमधले संडासही झाले. कडी आतून आहे, हे मी स्वतः जाऊन तपासलं. टोकन कांताताईंनी घरी नेलं, त्यांच्या म्हशीच्या गळ्यात बांधलंय.

एवढंच सांगायचंय. पाळी आठवडा उलटला तरी जात नसेल, पॅड दर तासाला बदलावा लागत असेल, जिन्यात बसावं लागत असेल, कच्चे तांदूळ गोड लागत असतील, तर “अजून आठवडाभर बघू” म्हणू नका. जा. आणि डॉक्टरने विचारलं तर खरं सांगा. आणि पिशवी काढा म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करू नका.

काउंटर

राहिलं ते माणचं स्थळ. घरी आल्यावर त्या मुलाच्या आईचा फोन आला. मी भाकरी खात होते, आईने फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण हाताला पीठ होतं.

“मुलगी उपोषणाला बसते म्हणे तुमची,” पलीकडून बाई म्हणाल्या. “आम्हाला घरात असलं काही...”

आईने माझ्याकडे पाहिलं. मग तव्याकडे. मग तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, “उपोषण नव्हतं हो ते. पाळी थांबत नव्हती तिची.”

माझा घास हातातच राहिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द तिच्या तोंडून आला.

मला वाटलं फोन ठेवला. मग त्या बाईंचा आवाज आला, अगदी बारीक. “कुठल्या डॉक्टरकडे नेली?”

मुलाचं आणि माझं काही जमलं नाही. तो म्हणाला, तू फार बोलतेस. मी म्हटलं, अजून सुरुवातही नाही केली. पण पुढच्या सोमवारी आई त्याच्या आईला घेऊन निघाली, मी मागे. चाकणच्या त्याच दवाखान्यात, कारण आमच्या मॅडम तिथेही बसतात असं कळलं होतं. त्याच पायऱ्या, तोच पोटुशा बायकांनी भरलेला हॉल. काउंटरवर तीच मुलगी, या वेळी नखं हिरवी.

“मिस्टरांचं नाव?”

त्या बाई पदर सावरत नाव सांगायला लागल्या. आईने त्यांना हाताने मागे सारलं आणि काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली.

“रक्त मिस्टरांचं चाललंय का?”

“अं?”

“हिचं चाललंय. हिचं नाव लिही.”

मुलीने लिहिलं. “आणि त्रास काय आहे?”

आईने एकदा मागे वळून सगळ्या हॉलकडे पाहिलं, बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल याची खात्री करून घेतल्यासारखं.

“पाळी,” ती म्हणाली. “थांबत नाही. आणि पिशवी काढायची नाही, तेही लिही.”